बारावी सायन्सची मुलगी लातूरला, घर बार्शीत: कॉलेजं कधी बघायची, कागदं कधी काढायची?

भगवंतनगरी

मुलगी बारावीला आहे, लातूरला हॉस्टेलवर राहते. पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) ग्रुप. सीईटी देणार, जेईई मेनचा फॉर्मही भरलाय. आम्ही बार्शीत. ओबीसीत येतो. तिचा जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून काढलेला आहे, व्हॅलिडिटी (जात वैधता) केलेली नाही. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. तिला इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर किंवा ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) हवंय. पुणे, सांगली, कराड इथली कॉलेजं डोक्यात आहेत.

डिसेंबर संपत आला. विचारायचं ते असं:

१. कॉलेजं आत्ता बघून घ्यावीत की निकालानंतर? बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं? मागच्या वर्षी ओळखीतले एक जण जाऊन आले आणि बिल्डिंग छान आहे एवढंच सांगत होते.
२. कागदपत्रांत कशाला जास्त वेळ लागतो?
३. ऑप्शन फॉर्ममध्ये (कॉलेज-शाखांचा पसंतीक्रम भरायचा तो) लोक कुठे फसतात?

सल्लागारांचे पंचवीस-तीस हजार द्यायची तयारी नाही, गरजही वाटत नाही.

---

फाइलबंद

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकी सगळं जूनपर्यंत थांबू शकतं, व्हॅलिडिटी थांबणार नाही.

जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. कॅपमध्ये (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत) ओबीसीचा लाभ घ्यायला दोन्ही लागतात, शिवाय नॉन-क्रिमीलेअर. व्हॅलिडिटीचा अर्ज बार्टी या सरकारी संस्थेच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. मुलगी लातूरला शिकते म्हणून समितीही लातूरची, असा बऱ्याच जणांचा समज होतो. दाखला तुमच्या प्रांताने दिलाय, म्हणून प्रकरण सोलापूरच्या जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जाईल. लातूरच्या कॉलेजकडून फक्त नमुना १५-अ सही-शिक्क्यासह घ्यायचा. तो तिला जानेवारीतच कॉलेजच्या ऑफिसातून घ्यायला सांगा. एकदा प्रॅक्टिकल आणि बोर्ड सुरू झालं की प्राचार्यांची सही मिळायला चकरा होतात.

फाइलमध्ये मुख्य काय: मुलीचा दाखला, तिचा शाळेचा पुरावा, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आणि आजोबा-पणजोबांच्या जातीची १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची नोंद. ही तारीख ओबीसीसाठी आहे. एससीसाठी १० ऑगस्ट १९५० आणि व्हीजे-एनटीसाठी २१ नोव्हेंबर १९६१. वंशावळीचं शपथपत्र नमुना ३ मध्ये, सोबत नमुना १७.

जुनी नोंद कुठे मिळते? आजोबा शाळेत गेले असतील तर त्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेश निर्गम रजिस्टरचा उतारा मागा. शाळेत गेले नसतील तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जन्म-मृत्यूची नोंद शोधा, म्हणजे गाव नमुना १४, जुने लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची व्हॅलिडिटी झालेली असेल (चुलता, आत्या, चुलतभाऊ), तर त्याची प्रत जोडा आणि ती व्यक्ती वंशावळीत दाखवा. वंशावळीत नाव नसेल तर त्या प्रतीचा उपयोग नाही. मामाकडची चालत नाही.

फाइल अडते ती जवळजवळ नेहमी नावावरून. आजोबांचं रजिस्टरमध्ये 'रामा', आधारवर 'रामचंद्र'. आडनाव एका ठिकाणी गावावरून, दुसरीकडे धंद्यावरून. असा फरक असेल तर समितीने त्रुटी काढायची वाट बघू नका, एकच व्यक्ती असल्याचं शपथपत्र आधीच लावा. समितीला शंका आली की प्रकरण दक्षता पथकाकडे जातं आणि मग महिने जातात.

नॉन-क्रिमीलेअर असलं तरी त्यावरची मुदत बघा. प्रवेशाच्या वर्षानंतरच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं. आत्ताचं येत्या मार्चमध्ये संपत असेल तर ते जुलैत उपयोगाचं नाही. एप्रिल उजाडला की नवीन उत्पन्नाचा दाखला आणि त्यावर नवीन नॉन-क्रिमीलेअर, दोन्हींसाठी सेतूत जा. जूनमध्ये तिथे दहावी-बारावीची सगळी गर्दी असते आणि सर्व्हर मान टाकतो. वय, अधिवास व राष्ट्रीयत्वाचं प्रमाणपत्र नसेल तर त्याच फेरीत काढून घ्या.

कधीकधी नोंदणीच्या वेळी व्हॅलिडिटीच्या अर्जाची पावती चालवून घेतात. पण ठरलेल्या तारखेला मूळ प्रमाणपत्र दिलं नाही तर उमेदवार ओपनमध्ये जातो आणि मिळालेली जागा जाते. पावतीच्या भरवशावर राहू नका.

---

जुनी लॅब

भेटींबद्दल. तिला आत्ता फिरवू नका. समोर बोर्डाची प्रॅक्टिकल्स, मग लेखी, मग सीईटी. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे, म्हणजे २०० पैकी १०० मार्क एका विषयाचे. एका पुणे दौऱ्यात तीन दिवस जातात, ते तिकडे द्या.

बरं, मे महिन्यात गेलात तर कॉलेजात परीक्षा किंवा सुट्टी. रिकाम्या वर्गांवरून काही कळत नाही. तंत्रमहोत्सवाच्या दिवशी तर मुळीच जाऊ नका, त्या दिवशी प्रत्येक कॉलेज देखणं असतं. योग्य काळ म्हणजे जुलै. सेकंड आणि थर्ड इयरचे वर्ग साधारण तेव्हा सुरू असतात आणि मुलीचा पर्सेंटाइलही हातात असतो. मग बारा नव्हे, चारच कॉलेजं बघावी लागतात.

एक सोय बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कागदपत्रांच्या तपासणीसाठी ई-स्क्रुटिनी (घरबसल्या ऑनलाइन) आणि प्रत्यक्ष तपासणी असे दोन पर्याय असतात. प्रत्यक्ष तपासणीची सुविधा केंद्रं बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजांतच असतात. म्हणजे जे कॉलेज बघायचंय, ते सुविधा केंद्र असेल तर तपासणी तिथेच करून घ्या. एका खेपेत दोन कामं. मूळ कागद सोबत न्यायला विसरू नका.

गेल्यावर ॲडमिशन सेलवाले सेमिनार हॉलमध्ये बसवून व्हिडिओ दाखवतील. बघा, पाणी प्या, आणि मग विभागात जायची परवानगी मागा. मंगळवार-बुधवार, सकाळी साडेदहा ते एक. तेव्हा प्रॅक्टिकलच्या बॅचेस चालू असतात.

सगळ्यात खरं बोलतो तो विभागाबाहेरचा नोटीस बोर्ड. तीन गोष्टी वाचा. एक, वेळापत्रक: त्याच शिक्षकाची आद्याक्षरं चार-चार वेगळ्या विषयांपुढे दिसली तर शिक्षक कमी आहेत. दोन, डिफॉल्टर लिस्ट: ती लागलेली असणं चांगलं, हजेरी खरंच मोजतात असा अर्थ. यादीत अर्धा वर्ग असेल तर मात्र मुलं वर्गात का बसत नाहीत ते विचारा. तीन, कागदांवरच्या तारखा. बोर्डवर गेल्या वर्षीच्या नोटिसा पिवळ्या पडत असतील तर काय समजायचं ते समजा.

लॅबमध्ये: साधारण २० मुलांच्या बॅचला सेटअप किती? ईएनटीसीच्या लॅबमध्ये टेबलावर सीआरओ किंवा डीएसओ (सिग्नल पडद्यावर दाखवणारी यंत्रं) मांडलेले असतात, पण चालू किती आणि प्लास्टिकच्या कव्हरखाली किती ते मोजा. ब्रेडबोर्डवर चार मुलं वाकलेली आणि एकच जण वायरी लावतोय, हे चित्र दिसलं की उरलेले तिघे जर्नल उतरवून पास होणार. कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये संख्या विचारून उपयोग नाही. मुलांचे स्क्रीन बघा: कोड लिहिताहेत की तयार प्रिंटआउट टाइप करताहेत.

मग कँटीन. थर्ड इयरच्या मुलामुलींना गाठा आणि हे प्रश्न तुमच्या मुलीने विचारावेत, तुम्ही दोन टेबलं लांब बसा. आई-वडिलांसमोर कुणी खरं सांगत नाही. सेकंड इयरला गणित कुणी शिकवलं, वर्षभर तेच होते का? सेमिस्टर मध्येच शिक्षक सोडून गेले का? इंटर्नशिप कॉलेजने दिली की स्वतः शोधली? गेल्या सेमिस्टरचा निकाल किती दिवसांत लागला?

प्लेसमेंटच्या फ्लेक्सवरचा सर्वोच्च पॅकेजचा आकडा विसरा. प्लेसमेंट ऑफिसात तीन आकडे मागा, तेही तिच्या शाखेचे: पात्र विद्यार्थी किती, त्यांतल्या किती जणांना किमान एक ऑफर, आणि मध्यक (मीडियन) पॅकेज. एका मुलाला तीन ऑफर मिळाल्या की यादीत तीन मोजतात, म्हणून 'एकूण ऑफर' हा आकडा फसवा. सरासरीसुद्धा दोन मोठ्या पॅकेजांनी फुगते.

एनबीए आणि नॅक या दोन मानांकनांत गल्लत नको. नॅक पूर्ण संस्थेला, एनबीए त्या-त्या शाखेला आणि ठरावीक मुदतीसाठी. गेटवर 'एनबीए मानांकित' लिहिलेलं असतं, पण तुमच्या शाखेचं मानांकन चालू आहे का ते एनबीएच्या संकेतस्थळावर बघा. एआय-डेटा सायन्ससारखी नवी शाखा असेल तर मात्र एनबीए नाही म्हणून नाक मुरडू नका. शाखेच्या बॅचेस बाहेर पडल्याशिवाय ते मिळतच नाही. तिथे शिकवणारे कोण, एवढंच तपासा.

---

विहिरीचा रहाट

मुलींच्या हॉस्टेलबद्दल वरती काही आलं नाही, म्हणून थोडक्यात. कॅपमध्ये जागा मिळाली म्हणजे हॉस्टेल मिळालं असं नाही, त्याचा अर्ज आणि यादी वेगळी. फर्स्ट इयरच्या मुलींसाठी नेमक्या किती खोल्या, हे लेखी विचारा. गेट किती वाजता बंद, मेस सक्तीची आहे का, उन्हाळ्यात पाण्याचं काय, हे वॉर्डनला नाही, राहणाऱ्या मुलींना विचारा. हॉस्टेल कॅम्पसबाहेर असेल तर संध्याकाळी सहा-साडेसहाला तो रस्ता स्वतः चालून बघा. पुण्यात धनकवडी-बिबवेवाडीकडे खासगी पीजी भरपूर आहेत, पण अकरा महिन्यांचा करार आणि डिपॉझिट धरून हिशेब करा. सांगलीचं वालचंद विश्रामबागला आहे. तुम्हाला बार्शीहून कुर्डुवाडी-पंढरपूरमार्गे मिरजेपर्यंत रेल्वे असल्यामुळे येणं-जाणं अवघड नाही.

रॅगिंगविरोधी यूजीसीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, तिच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

---

तीन दशांश

तिसरा प्रश्न माझा आवडता. पण त्याआधी एक गोष्ट, जी वर कुणी पकडली नाही. मुलगी बारावी लातूरहून पास होणार. म्हणजे तिचं होम युनिव्हर्सिटी सोलापूर नाही, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. टाइप 'ए' (दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून) उमेदवाराचं होम युनिव्हर्सिटी बारावी जिथून पास झाली त्या जागेवरून ठरतं, घराच्या पत्त्यावरून नाही. त्यामुळे सोलापूर जिल्ह्यातल्या संलग्न कॉलेजांत ती 'बाहेरची' आणि लातूर-नांदेडकडे 'घरची'. पुण्यात दोन्हीकडून बाहेरचीच राहिली असती, तिथे फरक नाही.

याचा परिणाम कट-ऑफ वाचताना होतो. सीईटी सेलच्या पीडीएफमध्ये प्रत्येक शाखेखाली कोड असतात: जी-ओबीसी-एच, एल-ओबीसी-ओ, जी-ओपन-एस असे. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वांसाठी, एल म्हणजे मुलींसाठी राखीव ३० टक्क्यांतली जागा. शेवटचं एच म्हणजे होम, ओ म्हणजे इतर विद्यापीठाचे, एस म्हणजे राज्यस्तर. होम-इतर वाटप ७०:३०. सीओईपी, व्हीजेटीआय, कराडचं शासकीय अशा ठिकाणी राज्यस्तराचा एस दिसेल, तिथे होमचा प्रश्नच नाही. पुण्यातल्या विद्यापीठाशी संलग्न खासगी कॉलेजांत मात्र तिने ओ वाचायचा. लोक एचचा आकडा बघून खूश होतात आणि यादीच्या दिवशी तोंड पाडून बसतात. ऑल इंडियाच्या जागा जेईई मेनवर भरतात आणि त्यांची पीडीएफ वेगळी असते. दोन्हींचे पर्सेंटाइल एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

एक तक्ता करा. चॉइस कोड (त्या कॉलेजातल्या त्या शाखेचा क्रमांक), कॉलेज, शाखा, तिला लागू होणारे चारही कोड (जी-ओबीसी, एल-ओबीसी, जी-ओपन, एल-ओपन, कारण मेरिट असेल तर ओपनच्या जागेवरही ती बसते), मागच्या दोन-तीन वर्षांचा प्रत्येक फेरीतला शेवटचा पर्सेंटाइल, फी, हॉस्टेल. एकाच वर्षाच्या कट-ऑफवर विसंबू नका. एखाद्या कॉलेजने कॉम्प्युटरच्या ६० जागा वाढवल्या की तिथला कट-ऑफ घसरतो. आणि दशांशांना हलकं समजू नका: समजा ग्रुपमध्ये ३ लाख मुलं असली, तर ०.१ पर्सेंटाइल म्हणजे मध्ये ३०० जण उभे.

आता फॉर्म. मर्यादा ३०० पर्यायांची. ते सगळे भरायचे नसतात, पण पंधरावर थांबणंही धोक्याचं. पन्नासेक पुरतात. क्रम आवडीचा, शक्यतेचा नाही. वर अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालचं हातचं जात नाही. वाटप मेरिट क्रमांकाने होतं, तुमचा कितवा पर्याय होता यावर नाही.

इथे फसगत होते ती ऑटो-फ्रीझमध्ये. २०२५-२६ पासून चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी मिळाला, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी मिळाला, तर जागा आपोआप फ्रीझ. ती घ्यायची, नाहीतर पुढच्या कॅप फेऱ्या बंद. चौथ्या फेरीत जे मिळेल ते अंतिम. म्हणजे 'निदान काहीतरी मिळू दे' म्हणून दुसऱ्या फेरीत घराजवळचं सोपं कॉलेज दोन नंबरवर टाकलं, की तीच जागा गळ्यात. वरच्या सहांत फक्त तीच नावं, जी मिळाली तर घरात कुणी हळहळणार नाही.

त्याखालचं काही मिळालं तर जागा स्वीकारण्याचे १,००० रुपये भरून बेटरमेंट (आहे ती जागा धरून वरच्यासाठी थांबणं) घेता येतं. पुढच्या फेरीत वरचं मिळालं की आधीची जागा आपोआप जाते, परत मागता येत नाही. म्हणून आहे त्यापेक्षा कमी आवडीचा पर्याय वर राहिलेला नाही ना, हे प्रत्येक फेरीत तपासा. आणि फॉर्म भरून 'कन्फर्म' केला नाही तर तो विचारातच घेत नाहीत. दरवर्षी असे महाभाग निघतात.

नियम वर्षागणिक बदलतात, जूनमध्ये त्या वर्षीची माहिती पुस्तिका उतरवून घ्या आणि वरचे आकडे तिच्याशी पडताळा.

---

भगवंतनगरी

होम युनिव्हर्सिटीचं खरंच माहीत नव्हतं, धन्यवाद. व्हॅलिडिटीचं उद्याच बघतो. आजोबांच्या शाळेचा उतारा मिळेल असं वाटतं. फीबद्दल: टीएफडब्ल्यूएस (शिक्षण शुल्क माफीच्या जागा) टाकावं का? आणि फॉर्म नेट कॅफेत भरला तर चालेल ना? घरी प्रिंटर नाही.

---

फाइलबंद

टीएफडब्ल्यूएसचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी टी लागतो. तो वेगळा टाकला नाही तर त्याचा विचार होत नाही. टाकायचा तर त्याच शाखेच्या साध्या कोडच्या वर. पण तुमच्या बाबतीत त्याच्यामागे धावायची गरज नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एवढीच की प्रवेश कॅपमधून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की संपलं. टीएफडब्ल्यूएसचा कट-ऑफ बहुधा वर असतो, जागा शाखेमागे पाच टक्के, आणि त्यातून नंतर कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही.

विकास शुल्क, हॉस्टेल, मेस या माफीत येत नाही. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघा. तिथे शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क वेगळं दिसतं. कॉलेजच्या पत्रकावरून हिशेब करू नका.

फी माफीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर, दरवर्षी नूतनीकरणासह. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात आणि मुलांची दोन खाती असली की ते शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. तिचं लहानपणी शाळेने उघडलेलं एखादं खातं बंद पडून आहे का बघा. बँकेत जाऊन 'आधार सीडिंग' चालू खात्याला करून घ्या. नुसतं केवायसी करून भागत नाही.

---

तीन दशांश

कॅफेत प्रिंट काढा, स्कॅन करा, पण लॉगिन तिथे उघडू नका. नोंदणीला कॅफेवाल्याचा मोबाइल किंवा ईमेल दिला की ओटीपी त्याच्याकडे. ऐन कन्फर्म करायच्या रात्री त्याचं दुकान बंद असतं. मोबाइल मुलीचा द्या, जो आधारलाही जोडलेला आहे. पुढची चार वर्षं तोच लागणार.

---

जुनी लॅब

याला जोडून. फॉर्म वडिलांनी भरायचा, मुलीने सही करायची, असं चालवू नका. लॉगिन तिचं, तक्ता तिचा, तुम्ही तपासनीस. विशेषतः तात्पुरती गुणवत्ता यादी लागेल तेव्हा: नाव, लिंग, प्रवर्ग, उमेदवाराचा टाइप, होम युनिव्हर्सिटी, दहावी-बारावीचे गुण, एकेक रकाना मार्कशीट शेजारी ठेवून वाचा. हरकतीची मुदत दोन-तीन दिवसांचीच असते, अंतिम यादीनंतर कुणी ऐकत नाही. शिवाय बारावीला पीसीएममध्ये ४५ टक्के (राखीव प्रवर्गाला ४०) ही पात्रतेची अट आहे, सीईटीच्या नादात बोर्ड सोडून देऊ नये.

---

विहिरीचा रहाट

आणि लातूरच्या हॉस्टेलची, मेसची बाकी मे महिन्यात चुकती करून टीसी हातात घ्या. कॉलेजला रिपोर्टिंग करताना मूळ टीसी लागतो. जुलैत बार्शीहून लातूरला नुसत्या एका कागदासाठी खेप पडते, त्यात एखादी सुट्टी आली की रिपोर्टिंगची मुदत हुकते. टीसीवरची जात दाखल्याप्रमाणेच लिहिली आहे का ते तिथेच खिडकीवर वाचा.